उसन्या कलेचे कायमचे घर : जागतिक प्रदर्शनांतील ललित कला प्रासादांचा एक ऐतिहासिक अभ्यास (१८५५ ते १९१५)

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप व अमेरिकेत भरलेली जागतिक प्रदर्शने ही औद्योगिक भांडवलशाहीच्या आणि साम्राज्यविस्ताराच्या इतिहासाची महत्त्वाची साधने होत. यंत्रसामग्री, शेतमाल, खनिजे, वस्त्रे आणि वसाहतींतून आणलेल्या वस्तू यांची मांडणी करण्यासाठी नदीकाठी वा उपवनात संपूर्ण नगरी वसविली जाई. पाच-सहा महिने लाखो प्रेक्षक तेथे येत आणि मुदत संपली की ती नगरी उतरविली जाई. या प्रदर्शनांच्या वास्तुरचनेचा मूळ स्वभावच तात्पुरतेपणाचा होता.

असे असूनही एक बाब अभ्यासकाचे लक्ष वेधून घेते. त्या लुप्त झालेल्या नगरींपैकी ज्या मोजक्या वास्तू आज उभ्या आहेत, त्यांत ललित कलांसाठी बांधलेल्या प्रासादांची संख्या लक्षणीय आहे. फिलाडेल्फियाचे मेमोरियल हॉल (१८७६), शिकागोचा कलाप्रासाद (१८९३), पॅरिसचे ग्रां पाले व पेती पाले (१९००), सेंट लुईचा कलाप्रासाद (१९०४) आणि सॅन फ्रान्सिस्कोचा कलाप्रासाद (१९१५) ही त्याची ठळक उदाहरणे होत. यंत्रांचे, शेतीचे, विजेचे प्रासाद गेले आणि कलेचे तेवढे राहिले, असे का घडले असावे? सौंदर्यामुळे ते जपले गेले, असे उत्तर सामान्यतः दिले जाते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन वेगळे आहे. यांपैकी बहुतेक वास्तू टिकल्या त्या मुळात परक्या मालकीच्या, उसनवार आणलेल्या चित्रांच्या सुरक्षिततेसाठी घातलेल्या पक्क्या भिंतींमुळे, आणि प्रदर्शनानंतर त्या भिंतींना एखादी संस्था व तिचा वार्षिक खर्च उचलणारी नगरी लाभली म्हणून. त्याचबरोबर, या भिंतींनी केवळ आगीपासून संरक्षण केले नाही. ‘ललित कला’ कोणती आणि केवळ ‘कारागिरी’ कोणती, ही सीमाही त्यांनीच आखली. संरक्षण आणि वर्गीकरण या दोन्ही कार्यांचा एकत्रित विचार येथे केला आहे.

चित्रकलेचा प्रदर्शनातील प्रवेश

लंडनच्या हाइड पार्कमध्ये १ मे १८५१ रोजी उघडलेल्या महाप्रदर्शनात चित्रकलेला स्वतंत्र स्थान नव्हते. जोसेफ पॅक्स्टनच्या लोखंड व काचेच्या स्फटिकप्रासादात शिल्पे होती. चित्रे मात्र रंग, माध्यम वा तंत्र यांचा नमुना म्हणूनच येऊ शकत होती. उद्योगाची प्रगती दाखविणे हा त्या प्रदर्शनाचा हेतू असल्याने हे स्वाभाविकच होते. फ्रान्सने १८५५ मध्ये पॅरिस येथे आपले पहिले सार्वत्रिक प्रदर्शन भरविले तेव्हा ही उणीव हेरली. एक्तोर लफ्युएल या वास्तुकाराने आव्हेन्यू माँतेन्यवर ललित कलांसाठी स्वतंत्र प्रासाद उभारला. अनेक देशांतील सुमारे पाच हजार कलाकृती तेथे एकत्र मांडल्या गेल्या. अँग्र आणि दलाक्रवा या दोन प्रतिस्पर्धी चित्रकारांना त्यांच्या आजवरच्या कार्याचा आढावा घेणारी स्वतंत्र मांडणी मिळाली.

या पहिल्याच प्रसंगी कलाप्रासादाच्या भिंतीचे दुसरे कार्यही उघड झाले. गुस्ताव्ह कुर्बे या चित्रकाराची बरीच चित्रे परीक्षक मंडळाने स्वीकारली, परंतु त्याची कार्यशाळा दर्शविणारे भव्य चित्र नाकारले. तेव्हा कुर्बेने प्रासादाच्या जवळच स्वखर्चाने मंडप उभारून त्याला ‘वास्तववाद’ असे नाव दिले आणि तेथे आपली चित्रे मांडली. पुढे १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनाच्या वेळी कुर्बे आणि एदुआर माने या दोघांनीही असेच स्वतंत्र मंडप उभारले. आधुनिक चित्रकलेच्या इतिहासात ज्या घटनांना आज मानाचे स्थान आहे, त्यांतील काही कलाप्रासादाच्या भिंतीबाहेर घडल्या, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. लफ्युएलचा प्रासाद मात्र तात्पुरताच ठरला. प्रदर्शन संपल्यावर तो पाडण्यात आला.

कायमस्वरूपी कलागृहाची कल्पना फिलाडेल्फियात रुजली. अमेरिकन स्वातंत्र्याच्या शताब्दीनिमित्त १८७६ मध्ये भरलेल्या प्रदर्शनासाठी हर्मन श्वार्ट्समन याने ग्रॅनाइट, वीट, लोखंड व काच यांचा वापर करून मेमोरियल हॉल बांधले. प्रदर्शनानंतर पेनसिल्व्हेनियाचे कलासंग्रहालय व औद्योगिक कलाशाळा यांच्याशी ही वास्तू जोडली गेली. त्याच संग्रहालयाचे पुढे फिलाडेल्फिया कलासंग्रहालयात रूपांतर झाले आणि १९२८ मध्ये ते आपल्या नव्या इमारतीत गेले. २००८ पासून मेमोरियल हॉलमध्ये लहान मुलांचे संग्रहालय आहे. प्रदर्शनाची वास्तू, तिला मिळालेली संस्था, संस्थेचे स्थलांतर आणि वास्तूचा नवा उपयोग, हा क्रम पुढील उदाहरणांतही पुनःपुन्हा दिसून येतो.

शिकागो, १८९३ : गिलाव्याची नगरी आणि विटांची भिंत

कोलंबसाच्या सफरीच्या चारशेव्या वर्षानिमित्त शिकागो येथे १८९३ मध्ये भरलेले प्रदर्शन या संपूर्ण परंपरेतील अत्यंत प्रभावी प्रदर्शन मानले जाते. १ मे ते ३० ऑक्टोबर या सहा महिन्यांत तेथे सुमारे पावणेतीन कोटी भेटींची नोंद झाली. डॅनिएल बर्नहॅम याच्या देखरेखीखाली जॅक्सन पार्कमधील दलदलीच्या जमिनीवर उभी राहिलेली ही ‘श्वेतनगरी’ दिसावयास संगमरवरी होती. प्रत्यक्षात बहुतेक प्रासादांचे सांगाडे लाकूड व लोखंडाचे होते, आणि त्यांवर ‘स्टाफ’ नावाच्या मिश्रणाचा लेप होता. जिप्सम, सिमेंट आणि तागासारखे तंतू यांच्या या मिश्रणाला साच्यात घालून हवा तो स्तंभ वा पुतळा अल्प खर्चात घडविता येई. तागाचा जगाला होणारा पुरवठा त्या काळी मुख्यतः बंगालमधून होत असे. त्या संगमरवराच्या आभासामागे असलेले हे साधे वास्तव आजच्या वाचकास उद्‍बोधक वाटेल.

असा लेप आणि लाकडी सांगाडा आगीला सहज बळी पडे. प्रदर्शन चालू असतानाच १० जुलै १८९३ रोजी तेथील शीतगृहाच्या इमारतीला आग लागली आणि प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत अनेक अग्निशामकांचा त्यात मृत्यू झाला. १८९४ च्या जानेवारीत आणि जुलैमध्ये लागलेल्या आगींत नगरीच्या मुख्य प्रासादांपैकी बरेचसे भस्मसात झाले.

या पार्श्वभूमीवर कलाप्रासादाचे वेगळेपण समजून घ्यावे लागते. बर्नहॅमच्या कार्यालयातील चार्ल्स ॲटवुड याने त्याचा आराखडा केला. बाह्यांगावर ग्रीक धर्तीचे स्तंभ आणि अथेन्सच्या एरेक्थिऑन मंदिरावरून घेतलेल्या स्त्रीरूपी स्तंभांच्या प्रतिकृती होत्या. हे बाह्यांग इतर प्रासादांप्रमाणे गिलाव्याचेच होते, परंतु त्याच्या आत विटांच्या पक्क्या भिंती होत्या, आणि ही इमारत मुख्य प्रासादांपासून दूर, उपवनाच्या उत्तर टोकाला उभी होती. कारण उघड आहे. यंत्र जळाले तर कारखानदार दुसरे पाठवील. संग्राहकाचे, संग्रहालयाचे वा राष्ट्राचे चित्र जळाले तर त्याची भरपाई नाही. अग्निरोधक इमारतीची हमी नसेल तर कोणताही मालक आपली चित्रे समुद्रापार पाठविण्यास तयार होणार नव्हता. तात्पुरत्या नगरीतील ही एकमेव पक्की भिंत भावी पिढ्यांसाठी नव्हे, तर सहा महिन्यांच्या पाहुण्यांसाठी बांधली गेली होती.

पाहुणे परत गेले, भिंत उरली. २ जून १८९४ रोजी त्याच इमारतीत फील्ड कोलंबियन संग्रहालय उघडले आणि प्रदर्शनासाठी जमलेल्या नैसर्गिक इतिहासाच्या व मानववंशशास्त्राच्या वस्तूंना घर मिळाले. १९२१ मध्ये हे संग्रहालय ग्रँट पार्कजवळील नव्या वास्तूत गेल्यावर जुना प्रासाद ओस पडला. गिलावा गळून पडू लागला, विटा उघड्या पडल्या आणि पाडून टाकण्याची भाषा सुरू झाली. शिल्पकार लोरॅडो टॅफ्ट आणि वास्तुकारांच्या संघटनेने जतनासाठी लोकमत जागविले. नगरातील उद्यान मंडळाने कर्जरोख्यांतून निधी उभारला आणि उद्योगपती ज्युलियस रोझेनवाल्ड याने मोठी देणगी दिली. गिलाव्याच्या जागी चुनखडीचा दगड बसविण्यात आला आणि १९ जून १९३३ रोजी तेथे विज्ञान व उद्योग संग्रहालय सुरू झाले. हेच संग्रहालय २०२४ पासून ग्रिफिन विज्ञान व उद्योग संग्रहालय या नावाने ओळखले जाते. कलेसाठी बांधलेल्या वास्तूत आज यंत्रे आहेत, आणि ज्या यंत्रप्रासादाला त्या काळी अग्रस्थान होते त्याचा मागमूसही नाही.

भिंतीच्या आत कोण, बाहेर कोण?

शिकागोच्या कलाप्रासादातील दालने राष्ट्रवार वाटलेली होती. ललित कला म्हणजे तैलचित्र, शिल्प, मुद्राचित्र आणि वास्तुरेखाटन अशी युरोपीय व्याख्या संयोजकांनी स्वीकारली होती. या व्याख्येत न बसणारी निर्मिती उद्योग, कारागिरी किंवा मानववंशशास्त्र यांच्या विभागांत जाई. जपानने या व्याख्येला यशस्वीपणे हात घातला. सार्वभौम राष्ट्र म्हणून वाटाघाटी करून त्याने आपल्या कलापरंपरेला अनुकूल अशी सवलत मिळविली आणि पडदे, भरतकाम, धातुकाम यांसारख्या वस्तू कलाप्रासादातच मांडल्या. याशिवाय उपवनातील बेटावर ‘हो-ओ-देन’ हे स्वतंत्र दालन उभारले. पाश्चात्य परिभाषेत जे ‘उपयोजित’ होते ते जपानने ‘ललित’ म्हणून मान्य करून घेतले.

भारताची स्थिती याच्या नेमकी उलट होती. वसाहत असल्यामुळे स्वतःच्या वतीने वाटाघाटी करणारे भारताचे शासन नव्हते, आणि कलाप्रासादात भारताचे स्वतंत्र दालनही नव्हते. अशा परिस्थितीत राजा रविवर्मा यांची दहा चित्रे शिकागोला गेली. भारताच्या निरनिराळ्या प्रांतांतील व समाजांतील स्त्रियांची ही चित्रे होती. तैलरंगाचे माध्यम, छायाप्रकाशाची हाताळणी आणि आकृतीचे यथार्थदर्शन या सर्व बाबतींत ती युरोपीय व्याख्येनुसार निःसंशय ‘ललित कला’ होती. त्यांना पारितोषिकही लाभले. परंतु त्यांच्या प्रशंसेत पोशाख, प्रचलित रूढी आणि सामाजिक वैशिष्ट्ये यांच्या यथातथ्य नोंदीला जे महत्त्व मिळाले, त्यावरून या चित्रांकडे चित्र म्हणून कमी आणि लोकजीवनाची माहिती म्हणून अधिक पाहिले गेले, असे म्हणावे लागते. जपानी पडदा कलाप्रासादात होता आणि भारतीय तैलचित्र मानववंशशास्त्राच्या नजरेखाली होते. या विसंगतीचे मूळ कलेच्या गुणवत्तेत नव्हते, ते राजकीय सत्तेत होते.

याच रविवर्म्यांनी पुढच्याच वर्षी, १८९४ मध्ये, मुंबईत शिळाछाप चित्रांचा छापखाना सुरू केला. नंतर तो लोणावळ्याजवळ मळवली येथे हलविण्यात आला. प्रासादातील मान्यतेपेक्षा व्यापक अशी मान्यता त्यांच्या चित्रांना या छापखान्याने महाराष्ट्रातील घराघरांत मिळवून दिली. कोणती चित्रे टिकावीत याचा निर्णय परीक्षक मंडळाखेरीज अन्यत्रही होऊ शकतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

शिकागोतील आणखी एका ‘कलाप्रासादा’शी भारताचा संबंध सुपरिचित आहे. मिशिगन मार्गावर प्रदर्शन समितीच्या आर्थिक साहाय्याने उभारलेली इमारत ‘मेमोरियल आर्ट पॅलेस’ म्हणून ओळखली जात होती. ११ सप्टेंबर १८९३ पासून सर्वधर्म परिषद तेथेच भरली. स्वामी विवेकानंदांच्या भाषणामुळे ती सभा सर्वांना ठाऊक आहे. त्याच व्यासपीठावर मुंबईच्या ब्राह्मो समाजाचे प्रतिनिधी म्हणून बी. बी. नगरकर हेही उपस्थित होते, हे महाराष्ट्रात फारसे आठवले जात नाही. परिषदेनंतर त्या वर्षअखेर ही वास्तू शिकागो कलासंस्थेच्या ताब्यात आली आणि आजही तेथे तीच संस्था आहे. कलेच्या नावाने बांधलेल्या या वास्तूत भारताचा शब्द प्रतिष्ठेने ऐकला गेला. त्याच्या चित्रांना मात्र प्रदर्शनाच्या कलाप्रासादात स्वतःचे दालन नव्हते.

पॅरिस, १९०० : दोन जुळ्या वास्तू, दोन भवितव्ये

पॅरिसच्या १९०० मधील प्रदर्शनास सुमारे पाच कोटी भेटी झाल्या. १८५५ मधील जुना उद्योगप्रासाद पाडून त्याच जागी दोन कलाप्रासाद समोरासमोर बांधण्यात आले. या दोन्ही वास्तू आरंभापासूनच कायमस्वरूपी म्हणून योजिलेल्या होत्या, त्यामुळे त्यांची तुलना विशेष उपयुक्त ठरते.

पेती पाले हा छोटा प्रासाद शार्ल जिरो याने बांधला. प्रदर्शनकाळात तेथे जुन्या फ्रेंच कलेचा आढावा मांडला होता. १९०२ मध्ये पॅरिस नगरीचे ललित कला संग्रहालय म्हणून तो खुला झाला. ऑगुस्त द्युतुई या संग्राहकाने आपला मौल्यवान संग्रह त्याच वर्षी नगरीला मृत्युपत्राद्वारे दिला, त्यामुळे वास्तूला आरंभीच स्वतःचा आशय मिळाला. तेव्हापासून त्याचे कार्य मूलतः बदललेले नाही.

ग्रां पाले या मोठ्या प्रासादाची कथा निराळी आहे. आंरी दग्लान, लुई लुवे आणि आल्बेर तोमा या तिघा वास्तुकारांनी जिरोच्या समन्वयाखाली तो उभारला. बाहेरून पाषाणाची अभिजात स्तंभावली आणि आतून पोलाद व काचेचे विशाल छत अशी त्याची रचना आहे. हा प्रासाद प्रजासत्ताकाने फ्रेंच कलेच्या गौरवार्थ अर्पण केला आहे, अशा आशयाचा लेख त्याच्या दर्शनी भागावर कोरलेला आहे. परंतु त्याला स्वतःचा स्थायी संग्रह मिळाला नाही. परिणामी वार्षिक चित्रप्रदर्शनांबरोबर अश्वस्पर्धा, मोटारगाड्यांची आणि विमानांची प्रदर्शने तेथे भरू लागली. पहिल्या महायुद्धात तेथे लष्करी रुग्णालय होते. १९३७ मध्ये एका भागात विज्ञानाचे ‘शोधप्रासाद’ संग्रहालय सुरू झाले. सेन नदीकाठच्या जमिनीत ठोकलेल्या लाकडी खांबांवर वास्तूचा काही भार होता, आणि भूजलाची पातळी बदलल्याने पाया खचू लागला. १९९३ मध्ये छतातून एक रिवेट निखळून पडल्यावर मुख्य दालन बंद करावे लागले. दीर्घ दुरुस्तीनंतर २००५ मध्ये ते उघडले. २०२१ पासून पुन्हा व्यापक नूतनीकरण झाले, २०२४ च्या ऑलिंपिकमधील तलवारबाजी व तायक्वांदोचे सामने तेथे झाले आणि २०२५ मध्ये संपूर्ण वास्तू खुली झाली.

या तुलनेवरून असे दिसते की, वास्तू पक्की असणे ही टिकण्याची पहिली अट आहे, पण ती पुरेशी नाही. संग्रह व संस्था लाभलेली लहान वास्तू शांतपणे चालत राहिली. संग्रहाविना राहिलेली मोठी वास्तू दर पिढीला नवे प्रयोजन शोधत राहिली, आणि तिचा प्रत्येक जीर्णोद्धार हा राष्ट्रीय निर्णयाचा प्रश्न बनला.

सेंट लुई, १९०४ : नागरिकांचा कर

लुइझियाना प्रदेशाच्या खरेदीच्या स्मरणार्थ सेंट लुई येथील फॉरेस्ट पार्कमध्ये १९०४ मध्ये भरलेल्या प्रदर्शनाने शिकागोचा अनुभव आत्मसात केलेला दिसतो. वास्तुकार कॅस गिल्बर्ट याने टेकडीवरील कलाप्रासादाची मधली इमारत मुद्दाम दगड-विटांची व कायमस्वरूपी योजली आणि तिच्या जोडीला तात्पुरती दालने ठेवली. मुख्य शिल्पदालनाच्या कमानदार छताची प्रेरणा रोममधील कॅराकालाच्या स्नानगृहांवरून घेतलेली होती. ग्लासगो नगरीनेही असाच विचार त्याआधी केला होता. १८८८ च्या प्रदर्शनातील शिल्लक रकमेच्या आधारे तिने केल्व्हिनग्रोव्ह येथे कलासंग्रहालय बांधण्यास घेतले आणि १९०१ च्या प्रदर्शनात कलाप्रासाद म्हणून त्याचे द्वार उघडले.

सेंट लुईचा खरा विशेष प्रदर्शनानंतर प्रकट झाला. १९०७ मध्ये तेथील नागरिकांनी कलासंग्रहालयासाठी मालमत्ता कराचा छोटा अंश देण्यास मतदानाने संमती दिली आणि १९०९ मध्ये ते नगराचे सार्वजनिक कलासंग्रहालय बनले. आजही तेथे सर्वसाधारण प्रवेश विनामूल्य आहे. २०१३ मध्ये डेव्हिड चिपरफील्ड या वास्तुकाराने आखलेली नवी शाखा त्याला जोडण्यात आली. देणगीदार एकदा देतो, पण छप्पर दरवर्षी गळते. ही साधी गोष्ट ओळखून दरवर्षी येणाऱ्या उत्पन्नाची सोय करणे, हा या नगरीचा वास्तुकलेहूनही मोठा धडा होय.

त्याच वेळी, त्याच उपवनाच्या परिसरात भिंतीचे दुसरे कार्यही चालू होते. नुकत्याच अमेरिकेच्या ताब्यात आलेल्या फिलिपाइन्समधील एक हजाराहून अधिक माणसांना आणून त्यांच्या ‘वस्त्या’ प्रेक्षकांसमोर मांडण्यात आल्या होत्या. एका टेकडीवर राष्ट्रांची चित्रे पक्क्या छताखाली सुरक्षित होती, आणि काही अंतरावर जिवंत माणसेच प्रदर्शनवस्तू झाली होती. सेंट लुईच्या विनामूल्य संग्रहालयाचा गौरव करताना हा भाग वगळणे इतिहासास धरून होणार नाही.

सॅन फ्रान्सिस्को, १९१५ : अवशेषांची पुनर्निर्मिती

पनामा कालव्याच्या पूर्तीनिमित्त आणि १९०६ च्या भूकंपातून नगरी सावरल्याची साक्ष म्हणून सॅन फ्रान्सिस्कोने १९१५ मध्ये प्रदर्शन भरविले. बर्नार्ड मेबेक याने आखलेल्या कलाप्रासादात दोन अगदी भिन्न वास्तू एकत्र होत्या. मागे अर्धवर्तुळाकार, पोलादी सांगाड्याचे अग्निरोधक चित्रदालन होते. पुढे तळ्याकाठी घुमटाकार मंडप आणि स्तंभावली होती, ती मात्र लाकूड व गिलाव्याची. मेबेकला भग्न रोमन वास्तूची, किंचित विषण्ण अशी भावना निर्माण करावयाची होती. स्तंभावलीच्या माथ्यावरील पेट्यांच्या कोपऱ्यांत प्रेक्षकांकडे पाठ करून उभ्या असलेल्या स्त्रीमूर्ती हीच भावना दृढ करतात.

येथे आपल्या प्रतिपादनाला अपवाद सापडतो, आणि तो मोलाचा आहे. नगरीने प्रेम केले ते पक्क्या चित्रदालनावर नव्हे, तर नाशिवंत मंडपावर. प्रदर्शन चालू असतानाच फीबी हर्स्ट यांच्या पुढाकाराने जतनासाठी संघटना उभी राहिली. इतर प्रासाद पाडले गेले, हा राहिला. पण गिलावा दरवर्षी झिजत गेला. चित्रदालनात पुढे टेनिसची मैदाने झाली, दुसऱ्या महायुद्धात लष्करी वाहने उभी राहिली. अखेरीस वॉल्टर जॉन्सन या नागरिकाने दिलेली वीस लाख डॉलरची देणगी आणि राज्य व नगरीचा निधी यांतून १९६४ मध्ये मागील दालनाचा पोलादी सांगाडा वगळून मूळ वास्तू पाडण्यात आली व साचे घेऊन तशीच काँक्रीटमध्ये पुन्हा उभारण्यात आली. १९६९ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक ओपनहायमर यांनी मागील दालनात ‘एक्सप्लोरेटोरियम’ हे विज्ञानकेंद्र सुरू केले. २०१३ मध्ये ते बंदरावरील नव्या जागेत गेले.

आज तळ्याकाठी जे दिसते ते मूळ द्रव्याच्या दृष्टीने १९१५ चे नाही. अवशेषाचा आभास म्हणून बांधलेली वास्तू खरोखरच अवशेष होऊ लागली तेव्हा नगरीने तो अवशेष नव्याने घडविला. याला जतन म्हणावे की प्रतिकृती? द्रव्याच्या प्रामाण्याचा आग्रह धरणारा अभ्यासक तिला प्रतिकृती म्हणेल. परंतु येथे लोकांनी द्रव्य नव्हे, तर आकार आणि स्मृती जपली, हे मान्य करावे लागते. मूर्ती झिजल्यावर नवी घडवून तिची प्रतिष्ठापना करण्याची परंपरा असलेल्या आपल्या समाजाला ही कल्पना परकी वाटू नये.

मुंबईच्या संदर्भात

या परंपरेचे पडसाद मुंबईतही उमटले. १८५१ च्या प्रदर्शनानंतर, १८५३ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई यांनी कलाशाळेसाठी एक लाख रुपयांची देणगी देऊ केली आणि १८५७ मध्ये त्यांच्या नावाची कलाशाळा सुरू झाली. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनाकरिता मुंबई इलाख्यातून वस्तू गोळा केल्या गेल्या तेव्हा त्यांच्या जोडवस्तू येथे ठेवून घेण्यात आल्या, आणि त्यांतूनच मुंबईच्या संग्रहालयाचा आरंभ झाला. १८५७ च्या उठावाच्या काळात लष्कराला जागा लागल्याने या संग्रहाची आबाळ झाली. डॉ. जॉर्ज बर्डवुड, डॉ. भाऊ दाजी लाड आणि नाना शंकरशेट यांच्या प्रयत्नांनी नवी इमारत उभी राहून १८७२ मध्ये भायखळ्याच्या उद्यानात संग्रहालय खुले झाले. १९७५ मध्ये त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले आणि व्यापक जीर्णोद्धारानंतर २००८ मध्ये ते पुन्हा उघडले.

एकाच १८५५ च्या प्रदर्शनाची ही दोन फले तुलनेस घेण्याजोगी आहेत. पॅरिसमध्ये त्याने ललित कलांचा स्वतंत्र प्रासाद निर्माण केला, पण तो प्रदर्शनाबरोबर नाहीसा झाला. मुंबईत त्याने नैसर्गिक उत्पादने, हस्तव्यवसाय व कारागिरी यांचा संग्रह मागे ठेवला. ‘ललित’ या संज्ञेची प्रतिष्ठा त्याला तेव्हा नव्हती, परंतु तो आजही आहे. उच्च-नीच ठरविणारे वर्गीकरण आणि काळाचा निवाडा हे नेहमी एकाच दिशेने जातात असे नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) जागतिक प्रदर्शनांतील कलाप्रासाद टिकण्याचे आरंभीचे कारण बहुधा व्यावहारिक होते. उसन्या कलाकृतींच्या मालकांना अग्निसुरक्षेची हमी हवी होती, आणि त्या हमीपोटी घातलेली भिंत प्रदर्शनानंतरही उरली.

२) पक्की भिंत ही आवश्यक पण अपुरी अट होय. पेती पाले व सेंट लुई यांना संस्था आणि नियमित आधार मिळाला. शिकागो, ग्रां पाले आणि सॅन फ्रान्सिस्को येथील वास्तूंना प्रत्येक संकटकाळी नव्याने लोकाश्रय शोधावा लागला. वास्तूचे रक्षण हा एकदाचा पराक्रम नसून दरवर्षीच्या अंदाजपत्रकाचा विषय आहे.

३) ज्या भिंतीने कलेचे रक्षण केले तिनेच कलेची व्याख्याही आखली. कुर्बेचा मंडप, जपानची वाटाघाट, रविवर्म्यांच्या चित्रांचे मूल्यमापन आणि सेंट लुईतील मानवी प्रदर्शन या घटना सुट्या पाहिल्या तर किरकोळ वाटतात. एकत्र पाहिल्या तर त्या व्याख्येमागील सत्तासंबंध स्पष्ट होतात.

कला व इतिहास शिकविणाऱ्या अध्यापकाला या विषयाचे महत्त्व याच ठिकाणी जाणवते. विद्यार्थ्यांसमोर एखादी जुनी वास्तू ‘वारसा’ म्हणून ठेवताना तिच्या सौंदर्याबरोबर दोन प्रश्नही ठेवले पाहिजेत : ही भिंत मुळात कोणाच्या रक्षणासाठी उभी राहिली, आणि तिच्या बाहेर कोणाला ठेवले गेले? या प्रश्नांची उत्तरे शोधल्याशिवाय केलेले जतन हे केवळ दगडविटांचे जतन ठरेल.